अक्सीन्याच्या नऊ बिया

माझ्या सासूने, अक्सीन्याने, सव्वीस वर्षांत मला एक गोड शब्द दिला नाही. टोमॅटो मात्र दिला. गुलाबी, मुठीएवढा, फोडला की आत साखरेसारखा रवाळ, आणि मुख्य म्हणजे काचघराशिवाय उघड्या वाफ्यावर पिकणारा. आमच्या कामा नदीकाठच्या गावात जूनच्या दहा तारखेलाही एका रात्रीत काकड्या गोठून काळ्या पडतात. अशा ठिकाणी उघड्यावर पिकणारा टोमॅटो म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

त्याला दुसरं नाव नाही. घरात आम्ही त्याला अक्सीन्याच म्हणतो. "यंदा अक्सीन्या गोड आलीय," असं माझा नवरा वेन्या दर ऑगस्टला म्हणायचा, आणि मी दर ऑगस्टला म्हणायचे, "मेल्यावर तरी आली."

दोन वर्षांपूर्वी करपा आला आणि सगळं फळ झाडावरच सडलं. बी धरायला एक टोमॅटो उरला नाही. गेल्या वर्षी जुनं बी पेरलं, रोपं छान तरारली, वाफ्यात लावली आणि जूनच्या थंडीने एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखी करून टाकली. उरलं काय, तर काडेपेटीच्या तळाशी नऊ बिया. सहा वर्षांच्या. सहा वर्षांचं टोमॅटोचं बी म्हणजे ऐंशी वर्षांचा म्हातारा, सकाळी उठेल किंवा उठणार नाही. पुढच्या वर्षापर्यंत तर नक्कीच टिकणार नव्हतं. यंदा उगवलं तर उगवलं, नाहीतर अक्सीन्या संपली.

वेन्या याबद्दल बोलत नव्हता. त्याच्या आईचं खेड्यातलं घर विकलं गेलं, भांडीकुंडी भावाने नेली, फोटो एकच आहे आणि त्यात तिचा चेहरा हललाय. फेब्रुवारीत त्याने एकदाच विचारलं, "आहेत ना?"

"आहेत."

"किती?"

"नऊ."

तो परत रंधा मारायला लागला.

वेन्याचा रंधा ही आमच्या घरातली हिवाळ्याची गोष्ट. नोव्हेंबरात गावाबाहेरच्या भाजीपाल्याच्या प्लॉटवर बर्फ पडला की तो स्वयंपाकघराच्या टेबलावर भोरड्या पक्ष्यांना घरट्यासाठी लाकडी पेट्या बनवायला बसतो. एप्रिलमध्ये भोरड्या दक्षिणेहून परत येतात, तोवर सात-आठ पेट्या तयार होतात. आमच्या प्लॉटवर सफरचंदाची झाडं तीन आणि पेट्या एकोणीस. भोरड्यासुद्धा बघून लाजत असतील. सूपमध्ये भुसा सापडतो. मी काही बोलत नाही, कारण माझी रोपं तीन खिडक्यांत, कपाटावर, टीव्हीवर आणि शिवणाच्या मशीनवर असतात आणि तो त्याबद्दल काही बोलत नाही. एकतीस वर्षं मी कागद गिरणीत क्रेन चालवली, तो खाली उभा राहून मला हाताने खुणा करायचा. आमचा संसार अजून तसाच चाललाय. कमी बोलायचं, आणि कुणाच्या डोक्यावर काही पाडायचं नाही.

टीव्हीवर एक बाई येते, नखं रंगवलेली. म्हणते, मार्चमध्ये निसर्ग जागा होतो, मग आपणही छंद म्हणून दोन कुंड्या लावू या. छंद. आमच्याकडे मार्चमध्ये फक्त गटारं जागी होतात. कमरेएवढा बर्फ असतो, वर काजळी, खाली कुत्र्यांनी चार महिने केलेलं सगळं. आणि आम्ही मिरच्या फेब्रुवारीत टाकलेल्या असतात. ऑक्टोबरात प्लॉटवरून मातीच्या दोन बादल्या खांद्यावरून आणून बाल्कनीत गोठवून ठेवलेल्या असतात. ती माती स्वयंपाकघरात वितळायला ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एक वास येतो. त्या वासासाठी मी हिवाळा सहन करते. त्या बाईच्या नखांत तो वास कधी गेलेला नाही.

आठ मार्चला महिला दिन झाला. वेन्याने मला नवी झारी दिली. मी घावन केले, साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरांबा. दोघंच होतो, पोटभर खाल्लं, चौकटीच्या वहीत यंदाच्या प्लॉटचा नकाशा काढायला बसलो. हे आम्ही दरवर्षी करतो. बटाटा कुठे, गाजर कुठे, लसणाच्या जागी काय. दरवर्षी तेच भांडण, त्याला काकड्या विहिरीजवळ हव्यात, मला कुंपणाला. प्लॉटवरच्या झोपडीच्या दक्षिणेच्या भिंतीशी, जिथे ऊन सगळ्यात जास्त लागतं, तिथे त्याने काही न विचारता नऊ टिंबं काढली.

"नऊच्या नऊ येणार नाहीत," मी म्हणाले.

"नकाशा आहे तो. नकाशात येऊ दे."

नऊ तारखेला इमारतीचा, घरं तापवणारा गरम पाण्याचा पाइप फुटला. दुरुस्तीवाले महिला दिनाचे प्यायलेले, त्यांना पान्ह्याचं कुठलं टोक कुठलं ते दिसेना. घरात चौदा डिग्री. एरवी मी बी ओल्या फडक्यात गुंडाळून गरम पाइपवर बशीत ठेवते. आता पाइप मेलेला. बी भिजवलेलं होतं, आणि भिजवलेलं बी थंडीत ठेवलं की ते सडतं. थांबणं शक्यच नव्हतं.

मग मी तेच केलं जे माझ्या आईने केलं असतं आणि अक्सीन्याने केलं असतं. वेन्याच्या जुन्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा कोपरा कापला, ओला केला, नऊ बिया त्यात घातल्या, वर प्लास्टिक गुंडाळलं, दोऱ्याने बांधलं आणि पुरचुंडी ब्रामध्ये ठेवली. तिथे रात्रंदिवस छत्तीस डिग्री असते आणि कुणी दुरुस्तीवाला ती बंद करू शकत नाही. हसायचं असेल त्याने हसावं. आमच्या गावात मार्चमध्ये निम्म्या बायका असंच चालतात, छाती सांभाळत, पाठ ताठ, काही उचलायला वाकायचं झालं तर गुडघ्यात वाकायचं. बसमध्ये ओळखू येतात.

"आई तुझ्या छातीशी," वेन्या म्हणाला. "जिवंतपणी तुम्हाला एका खोलीत बसवता येत नव्हतं."

"थंडी आहे म्हणून. नाहीतर मी तिला घेतलं असतं होय?"

बारा तारखेला माझी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. जानेवारीत नंबर लावलेला, सोडता येत नव्हता. जुन्या चष्म्यातून बियांच्या पाकिटावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायची. दवाखान्याचा नियम असा की आधी छातीचा एक्स-रे, मग डॉक्टर. डोळ्यांचा छातीशी काय संबंध हे कुणाला विचारायची सोय नाही. शिक्का हवा.

एक्स-रेच्या खोलीत एल्विरा पाव्लोव्ना बसते. इथे थांबून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचा प्लॉट आमच्या प्लॉटला लागून, मधे तारेचं कुंपण. पहिली चार वर्षं ती माझ्यासाठी नुसती एल्विरा होती आणि मी तिची रिम्मा, कुंपणावरून चहा व्हायचा. ती पेरते चंद्र बघून. कॅलेंडर असतं तिच्याकडे, वाढत्या चंद्रात टोमॅटो, उतरत्या चंद्रात गाजर. अकरा वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या एका संध्याकाळी, तिने कुंपणावरून आमच्या भिंतीशी लालगुलाबी झालेली अक्सीन्या बघितली आणि म्हणाली, "रिम्मा, एका फळाचं बी दे ना."

मी म्हणाले, "तुझ्या चंद्राकडे माग."

का म्हणाले ते सांगते. अक्सीन्या माझ्याकडे होती आणि दुसऱ्या कुणाकडे नव्हती, अशी तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं सगळ्यांसारखंच, गिरणीने दिलेलं. बस. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

त्या दिवसापासून, परक्या माणसासारखी वडिलांच्या नावासकट, ती एल्विरा पाव्लोव्ना झाली आणि मी रिम्मा सावेल्येव्ना.

"पुढची. कमरेपर्यंत काढा. केस वर. गळ्यात काही असेल तर तेही."

"नमस्कार, एल्विरा पाव्लोव्ना."

"नमस्कार, रिम्मा सावेल्येव्ना. हनुवटी वर. श्वास घ्या. धरा. हलताय तुम्ही."

"थंडीने हलतेय. ही पाटी बर्फाची आहे."

"सगळ्यांना तीच पाटी आहे. तुमच्यासाठी वेगळी तापवू?"

पुरचुंडी मी कपड्यांबरोबर खुर्चीवर ठेवली होती, स्वेटरच्या आत. बाहेर आले तर पुढची बाई आधीच उघडी होऊन पडद्यामागे दात वाजवत उभी. "लवकर, बाई, लवकर, इथे मरायचंय का मला," असं तिचं चाललेलं. मी कपडे अंगावर कोंबले, शिक्का घेतला, डोळ्यांच्या खोलीकडे पळाले. डॉक्टरांनी काचा बदलून बदलून बघितल्या, चष्मा दोन आठवड्यांनी मिळेल म्हणाले.

बसमध्ये तिसऱ्या थांब्यावर मी छातीला हात लावला. काही नाही.

तेव्हा माझं काय झालं ते सांगत नाही. क्रेनचा दोर तुटल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल. मी उतरले आणि बर्फावरून घसरत, पडत, परत धावले. एकसष्ट वर्षांची बाई, टोपी हातात. एक्स-रेची खोली एक वाजता बंद होते. एक वाजून दहा झाले होते. आतमध्ये झाडूवाली होती, फरशी पुसत.

"झाडलं की सगळं," ती म्हणाली. "पिना, कापूस, एक बटण. काय हरवलं, सोनं?"

"बी."

"कसलं?"

"टोमॅटोचं. जुनं. घरचं."

ती हसायची थांबली. पोछा भिंतीला टेकवला, दुसरी बादली ओढली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून कचरा चिवडायला लागली. तिचाही प्लॉट होता, रेल्वेपलीकडे. अर्धा तास आम्ही दोघी बोळे उलगडून बघत बसलो. पुरचुंडी नव्हती.

घरी आले. पाइप दुरुस्त झाला होता, घर उबदार, वेन्या शीळ घालत पेटीला भोक पाडत होता. मी सांगितलं. त्याने गिरमिट खाली ठेवलं. बराच वेळ भुशावर बोटाने रेघा काढत बसला.

"उद्या एल्विराला विचार," तो म्हणाला.

सकाळी आठला मी दारात होते. एल्विरा पाव्लोव्ना टेबलामागे बसलेली. मी विचारलं. तिने माझ्याकडे न बघता रजिस्टरचं पान उलटलं. "नाही पाहिलं."

"निळ्या चौकड्यांचं फडकं. दोरा पांढरा."

"दिवसाला साठ बायका येतात, रिम्मा सावेल्येव्ना. कुणाची फडकी मी बघत बसू?"

तिचं पेन खाली पडलं. आणि ते उचलायला ती वाकली नाही. खुर्चीतून उठली, पाठ ताठ, गुडघ्यात वाकली, पेन उचललं, एका हाताने छातीवरची लोकरी शाल धरून. जानेवारीच्या कडाक्यातही ही बाई पातळ पांढऱ्या कोटात बसते, आणि आज शाल.

मी न भांडता वळले. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर पडून पायऱ्यांवर उभी राहिले आणि मला कळेना रडावं की आत जाऊन तिची शाल फाडावी.

"तिच्याकडे आहे," घरी येऊन मी ओरडले. "तिच्या छातीत आहे. चोरटी. अकरा वर्षं टपून बसली होती. मी जाते, पोलिसांना घेऊन जाते."

"काय सांगशील पोलिसांना?"

"सांगेन, माझी सासू तिच्या ब्रामध्ये आहे."

वेन्या हसला नाही. "बस," तो म्हणाला. "ऐक. तू जाऊन भांडलीस तर ती रागाने संडासात टाकेल. तूही टाकल्या असत्यास."

"मी नसत्या टाकल्या."

त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"टाकल्या असत्या," मी म्हणाले.

"मग राहू दे. तिच्याकडे आहेत म्हणजे उबेत आहेत. ती तुझ्यापेक्षा जाडही आहे. बीला काय कळतं कुणाची छाती." त्याने रंधा उचलला, परत ठेवला. "आणि एक सांगू? तेव्हा एक फळ दिलं असतंस, तर आज तिच्याकडे वाफाभर अक्सीन्या असती. करपा आपल्याकडे आला, तिच्याकडे नव्हता आला. जाऊन एक फळ मागून आणलं असतं, झालं असतं."

बत्तीस वर्षांच्या संसारात वेन्या इतकं लांब कधी बोलला नव्हता. मी स्वयंपाकघरातून निघून गेले आणि मिरच्यांना पाणी घातलं, त्यांना नको असताना.

त्यानंतरचे दहा दिवस. काय करणार माणूस. दुसरे टोमॅटो पेरले, दुकानचे, तीन जाती, सायीच्या रिकाम्या डब्यांत. कोबी टाकली. एक जुना स्वेटर उसवून त्याचे मोजे विणले. वेन्याने आठवी पेटी संपवली आणि नववी सुरू केली. दुपारी छतावरून पाणी ठिबकायला लागलं, रात्री त्याचे बर्फाचे भाले व्हायचे. एके दिवशी खिडकीतल्या उन्हात मांजरासारखी बसून मी चहा प्यायले आणि लक्षात आलं की मी सुखात आहे. याचा मला राग आला. सुखात असायचं कारण नव्हतं. वहीतल्या नकाशात भिंतीशी ती नऊ टिंबं तशीच होती. दुकानच्या टोमॅटोंची जागा कुठे धरायची म्हणून मी रबर घेतलं. वेन्याने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटावर ठेवली.

तेवीस तारखेला, रविवारी, त्याने नववी पेटी वर्तमानपत्रात बांधून माझ्यापुढे ठेवली.

"एल्विराकडे नेऊन दे. म्हणावं, वेन्याने पाठवलीय. तिच्या प्लमवर पक्षी बसत नाहीत."

"मी नाही जाणार."

"मग ती तुझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवतो."

गेले.

एल्विरा तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, एक पिवळं मांजर आहे. तिने दार उघडलं, पेटी बघितली, मला बघितलं. "आत या," म्हणाली. "बूट काढा. फरशी पुसलीय."

माझ्याच घरात आल्यासारखं वाटलं. खिडक्यांत डबे, कपाटावर डबे, टीव्हीवर डबे. तोच मातीचा वास. फक्त भिंतीला चंद्राचं कॅलेंडर, लाल पेन्सिलीने खुणा केलेलं. स्वयंपाकघरात तिने कोबी भरलेले पाव पुढे ठेवले, चहा ओतला. मी पेटी टेबलावर ठेवली. आणि मग खिडकीत दिव्याखाली, वेगळे ठेवलेले चार डबे दिसले. प्रत्येकात एकेक रोप, दोन पानं आणि मधून तिसऱ्याचं टोक. देठ जांभळट, बारीक लव असलेला. अक्सीन्याचा देठ असाच असतो. दुसऱ्या कुठल्याच टोमॅटोचा नसतो. डब्यांशेजारी बशीत निळ्या चौकड्यांचं फडकं, धुऊन, घडी करून.

मी चहाचा घोट घेतला. तोंड भाजलं.

"पंधरा वर्षं कुंपणापलीकडे तो शर्ट बघितलाय," एल्विरा म्हणाली. "फडकं उघडायच्या आधी कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"द्यायच्याच नव्हत्या. खोटं कशाला बोलू." तिने मांजराला टेबलावरून ढकललं. "तू म्हणाली होतीस, चंद्राकडे माग. मागितलं. अकरा वर्षं मागितलं. त्याने पाठवलं, माझ्याच टेबलाखाली. मी उचललं."

तिने मला तू म्हटलं होतं. मी ते ऐकलं आणि पाव खाल्ला.

"चांगलाय," मी म्हणाले. "अंडं घालतेस कोबीत?"

"उकडून. किसून."

"मी घालत नाही."

"म्हणून तुझे कोरडे होतात. अकरा वर्षांपूर्वीही होत होते."

तिने दुसरा पाव माझ्यापुढे सरकवला. मग ती खिडकीकडे बघून बोलायला लागली. "चौथ्या दिवशी एक फुटलं. पांढरं, इतकंसं. मला वाटलं, खूश होईन. रात्री झोप लागली नाही. कूस बदलली तर चिरडेल म्हणून आधीच झोप नव्हती, त्यात हे. कुणाला सांगू कळेना. कोणाला सांगणार, तुलाच सांगायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला काय कळणार की अक्सीन्याचं जुनं बी फुटलं म्हणजे काय." तिने नाक पुसलं. "नऊपैकी चार आली. पाच तशीच राहिली, मी अजून टाकली नाहीत. आज-उद्या फोन करणार होते."

"केला असतास?"

"माहीत नाही."

हे खरं होतं, म्हणून मला पटलं. ती उठली, खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं, दिव्याखालून चारही डबे आणून टेबलावर माझ्यापुढे मांडले. "घेऊन जा. बाहेर उणे चार आहे, कोटाखाली धर. पंधरा दिवस पाणी बेतानं घाल."

मला उपदेश करते. टोमॅटोचा. माझ्या टोमॅटोचा. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच यायला लागलं. "एल्विरा, खरंच, मी तुझे आभा..."

"गप्प बस," ती म्हणाली, तेही इतक्या जोरात की मांजर फ्रिजवर चढलं. "वेड लागलंय का तुला? रोपांपुढे उभी राहून? चारही मारायचीत?"

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे रोप घेताना आभार मानत नाहीत. मानले की रोप धरत नाही, माना टाकतं, हे कुणालाही विचारा. रोप घ्यायचं, मान हलवायची, हवामानाबद्दल बोलायचं आणि निघायचं. आणि सगळ्यात जोमाने वाढतं ते चोरलेलं रोप. कुणाच्या बागेतून फांदी हवी असेल तर मालकीण मुद्दाम पाठ फिरवते आणि पाहुणी कोटात लपवते. दोघींनाही माहीत असतं. मला तर वाटतं, ही पद्धत आमच्यासारख्या बायकांसाठीच कुणीतरी काढली असावी, ज्यांच्या तोंडून धड आभारही निघत नाहीत आणि माफीही.

मी तोंड मिटलं. एक डबा खोक्यात ठेवला. दुसरा. तिसरा. मग खोक्याची झाकणं बंद केली.

"चौथं?" एल्विरा म्हणाली.

"कसलं चौथं?"

"हे काय. तुझ्यापुढे आहे."

"मला तीनच दिसतात," मी म्हणाले. "माझा चष्मा यायचाय. तुमच्याच दवाखान्याला विचार, दोन आठवडे लावतात."

ती डबा हातात घेऊन उभी राहिली. चेहरा लाल झाला. "मी चोर नाही, रिम्मा."

"मग तुझं नशीब. दिलेलं रोप आपल्याकडे फारसं धरत नाही." मी कोट घालायला लागले, पाठ तिच्याकडे करून, बटणं एकेक करून, सावकाश. सहा बटणं आहेत. मागे पाय वाजले, खिडकीशी डबा टेकल्याचा आवाज आला, दिव्याचं बटण वाजलं. मी वळले तेव्हा टेबल रिकामं होतं आणि एल्विरा वेन्याच्या पेटीचं भोक बोटाने मोजत होती.

"भोक मोठं पाडलंय," ती म्हणाली. "कावळा शिरेल."

"त्याला मी सांगत असते. ऐकत नाही."

"प्लमवर लावेन. मे महिन्यात ये बघायला. काकड्या कुंपणालाच लावणार आहेस ना?"

"वेन्याला विहिरीजवळ हव्यात."

"कुंपणाला लाव. बोलायला बरं पडतं."

रस्त्यावर ऊन होतं आणि छतं जोरजोरात ठिबकत होती. खोकं मी कोटाखाली धरलं, पोटाशी. लोकांना वाटलं असेल म्हातारीने कोंबडी चोरलीय. बर्फावर पाय जपून टाकत, प्रत्येक पावलाआधी बघत, मी वीस मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांत चालले.

वेन्या दारातच उभा होता. हात पुसलेले, शर्ट बदललेला. खोकं टेबलावर ठेवलं, झाकणं उघडली. तो वाकला. नाक जवळजवळ पानांना लागलं. देठावरची ती लव बघितली आणि खोल श्वास घेतला, टोमॅटोच्या पानाचा वास असतो तो, लहान रोपालाही असतो.

"तीन," तो म्हणाला.

"तीन."

"फुटली किती होती?"

"चार."

"मग एक कुठेय?"

"चोरीला गेलं."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग कपाटावरची वही काढली. पेन्सिल घेऊन भिंतीशी तीन टिंबांभोवती गोल काढले, बाकीची पुसली. मग कुंपणाच्या रेघेपलीकडे, जिथे आमच्या नकाशात कधी काहीच नसतं, तिथे एक टिंब काढलं.

"ते धरेल," तो म्हणाला.

"धरेलच," मी म्हणाले. "आता टेबल आवर. भुसा पडेल पानांवर."